पोळ्याची झूल: बैलाच्या पाठीवरचं ते कापड कोण शिवायचं, आणि आता का शिवत नाही?

श्रावण संपत आला की इन्स्टाग्रामवर बैलांचे रील्स सुरू होतात. स्लो मोशनमध्ये चालणारी खिल्लारी जोडी, मागे हलगीचा ठेका, शिंगांना रंग, कपाळाला गोंडे आणि पाठीवर लालभडक झूल. लाखांत व्ह्यूज जातात.

पुढच्या वेळी असा रील दिसला की एकदा थांबवा आणि झूम करून फक्त झुलीकडे बघा. काठ मशीनच्या टिपेचा आहे की हाताच्या टाक्याचा? आरसे खरे आहेत की चकचकीत प्लास्टिकच्या टिकल्या चिकटवल्यात? दोन्ही बैलांच्या झुली अगदी सारख्या असतील तर त्या बहुतेक बाजारातून आल्यात. थोडा फरक असेल, एकीचा हिरवा तुकडा दुसरीत कमी पडून पिवळा लावला असेल, तर ती घरात बसून कुणीतरी शिवलेली आहे.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं कडा हे अशा गोष्टी समजून घ्यायला बरं ठिकाण आहे. हे मराठवाड्यातलं गाव, पण अहिल्यानगर जवळ. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली, तिच्या मार्गावर कड्याचं स्टेशन आहे. भाग कोरडवाहू. बाजरी, तूर, कापूस, कांदा, आणि पाऊस दगा देतो म्हणून दर हिवाळ्यात ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसं. म्हणजे इथला बैल दोन ठिकाणी राबतो. पावसाळ्यात स्वतःच्या रानात आणि हिवाळ्यात दुसऱ्याच्या उसात. त्याच्या पाठीवरच्या कापडाची गोष्ट म्हणून नुसत्या सजावटीची राहत नाही.

आधी पोळा म्हणजे काय ते

मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात पोळा श्रावण अमावास्येला असतो. हीच पिठोरी अमावास्या. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात तो महिनाभर उशिरा, भाद्रपद अमावास्येला करतात. कोल्हापूर-सांगलीकडे त्याच्या बऱ्याच आधी बेंदूर होऊन गेलेला असतो. सण एकच, तारखा वेगळ्या, आणि त्यामागे कारण आहे: ज्या भागात पेरणी-कोळपणीचं जड काम ज्या सुमाराला उरकतं, त्या सुमाराला बैलाला सुट्टी.

पोळा हा कापणी झाल्यानंतरचा सण नाही, हे लक्षात घ्या. तो सुगीच्या तोंडावरचा सण आहे. मूग-उडदाच्या शेंगा तोडणीला आलेल्या किंवा नुकत्याच घरात आलेल्या असतात, बाजरी निसवलेली असते, कापसाला पात्या लागलेल्या असतात. महिनाभरानं घटस्थापना येते, तेव्हा शेतातली माती आणि धान्य थेट देवघरात जातं. त्याआधी ज्याच्या खांद्यावर हे सगळं आलं त्याचा मान, असा हा क्रम आहे.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. जू घासून घासून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप किंवा तेल आणि हळद चोळतात, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. सकाळी ओढ्यावर किंवा विहिरीवर आंघोळ, मग साज चढवणं, दुपारनंतर वेशीतल्या तोरणाखाली गोळा होणं, मारुतीच्या देवळाला फेरी आणि घरी आल्यावर पुरणपोळी. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत.

साज म्हणजे मुळात दुरुस्ती

पोळ्याच्या सामानाची यादी वाचली तर निम्मी नावं शहरातल्या माणसाला कळत नाहीत. वेसण म्हणजे नाकातून जाणारी दोरी. मोरखी म्हणजे तोंडाभोवतीचा दोरीचा साज. कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायची लांब दोरी. दावं म्हणजे गोठ्यात बांधायची. मटाटी (काही गावांत मठाठी म्हणतात) ही कपाळावर, शिंगांच्या बुडाशी बांधायची विणलेली पट्टी. गोंडे, घुंगरमाळ, कपाळावरचं बेगडी बाशिंग, शिंगांच्या टोकाला पितळी शेंब्या आणि सगळ्यात वर झूल.

आता हीच यादी परत वाचा. पहिल्या चार वस्तू शोभेच्या नाहीतच. त्या रोजच्या कामाच्या दोऱ्या आहेत, आणि वर्षभर ऊन-पाऊस-घाम खाऊन त्या कुजतात. कुजलेला कासरा ऐन औतात तुटला तर बैल उधळतो, माणूस जखमी होतो. म्हणून वर्षातला एक दिवस ठरलेला: सगळ्या दोऱ्या नव्या. गाडीची सर्व्हिसिंग म्हणा हवं तर. बरेच लोक पोळ्याकडे 'बैलाबद्दलची कृतज्ञता' एवढ्याच चष्म्यातून बघतात. ती आहेच, पण ज्या पिढ्यांनी हा सण बसवला त्या फार व्यवहारी होत्या, असं मला वाटतं. देवाच्या नावानं केलेली दुरुस्ती कुणी पुढच्या महिन्यावर ढकलत नाही.

या दोऱ्या कुठून यायच्या? अंबाडी, ताग आणि केकताड, म्हणजे बांधावरचं घायपात, यांच्यापासून. अंबाडीची झाडं कापून पाण्यात कुजत घालायची, काही दिवसांनी साल सुटते, ती धुऊन वाळवली की सोनेरी तंतू हाताला लागतात. केकताडाची पानं ठेचून वाख काढायचा. मग पीळ. एका पदराला एका बाजूनं पीळ द्यायचा आणि दोन-तीन पदर एकत्र करताना उलट्या बाजूनं. उलटा पीळ एकमेकांना धरून ठेवतो, म्हणून दोर सुटत नाही. गावगाड्यात हे काम मुख्यतः मातंग समाजाकडे होतं आणि मोबदला धान्याच्या रूपात बलुतं म्हणून मिळायचा. ज्यांच्या हातच्या दोराशिवाय गावातलं एकही औत चालत नव्हतं, त्यांना वेशीच्या आत घर नव्हतं. पोळ्याचं गोड वर्णन करताना ही ओळ सहसा गाळली जाते.

नायलॉन आला आणि हे काम जवळजवळ संपलं. नायलॉनचा दोर स्वस्त, रंगीत आणि न कुजणारा. एकच अडचण आहे, ती बैलाला आहे. नायलॉन कडक असतो आणि ओढ बसली की कातडीला कापतो. नाकात तर जास्तच. सुती वेसण मऊ असते, घाम शोषते. पैसे वाचवायचेच असतील तर दावं नायलॉनचं चालेल, वेसण आणि मोरखी सुतीच घ्या, हा सल्ला जाणती माणसं देतात आणि तो बरोबर आहे.

झूल शिवतात कशी?

झूल ही दोरीपेक्षा वेगळी. तिचा कामाशी काही संबंध नाही. ती निव्वळ मिरवायची वस्तू, आणि म्हणूनच तिच्यात घरातल्या बाईचा हात दिसायचा. बैल पुरुषांच्या ताब्यात, वेशीतला मान पुरुषांचा, तोरणावरून भांडणंही पुरुषांचीच. पण सगळ्या गावासमोर बैलाच्या पाठीवर जे मिरवायचं ते बहुतेक वेळा घरातल्या आजीनं किंवा आईनं दुपारच्या वेळात, भिंतीला टेकून शिवलेलं असायचं.

वेळ कुठली? श्रावणातली. खुरपणी उरकलेली, काढणीला अवकाश, आणि झड लागली की रानात पाय ठेवता येत नाही. (आष्टी-पाटोद्याकडे आता सलग झड लागणं हीच बातमी असते, ते सोडा.) गोधडी शिवायची तीच बैठक, तीच सुई, तेच दाभण. खरं तर झूल ही गोधडीची थोरली, नटलेली बहीण आहे. ज्या हाताला गोधडी येते त्याला झूल येते.

सुरुवात मापापासून. वशिंडाच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंत एक माप. एका बाजूच्या पोटापासून पाठीवरून दुसऱ्या बाजूच्या पोटापर्यंत दुसरं. मापाला फूटपट्टी नको, कासराच पुरतो: बैलावर टाकायचा आणि गाठ मारायची. माप बैलागणिक बदलतं. देवणी अंगानं भरलेला, खिल्लार उंच आणि सडसडीत. एकाची झूल दुसऱ्याला घातली तर ती लोंबते किंवा आखूड पडते. वशिंडही झाकायचं असेल तर तिथे गोल कापून टोपीसारखा वेगळा तुकडा जोडावा लागतो, आणि हेच शिवायला सगळ्यात अवघड.

मग पाया. जुनं नऊवारी लुगडं यासाठी उत्तम, कारण वापरून वापरून ते मऊ झालेलं असतं आणि लांबीला भरपूर मिळतं. त्याच्या तीन-चार घड्या एकावर एक अंथरायच्या, खाली मांजरपाटाचं अस्तर. कडेनं मोठे कच्चे टाके घालून थर सरकणार नाहीत असे धरायचे आणि मग धावदोरा. कडेपासून सुरू करून आत आत येणारा, ओळीमागून ओळ. या टाक्यांमुळेच कापडाला अंग येतं, नाहीतर झूल बैलाच्या पाठीवरून घसरते.

पाया झाला की वरचं काम. लाल, पिवळे, हिरवे तुकडे, त्रिकोणी किंवा चौकोनी कापून, कडा आत दुमडून शिवायचे. साडीचा जरीचा काठ निघाला असेल तर तो चारही बाजूंनी. ज्या घरात लग्न होऊन गेलंय तिथे रुखवतातला एखादा तुकडाही झुलीवर येतो. आरसा बसवायला सोपं वाटतं, पण काचेला भोक नसतं, मग सुई जाणार कुठून? युक्ती अशी: आरसा कापडावर ठेवून त्याच्यावरून आधी आडवे-उभे ताणलेले टाके घालायचे, म्हणजे वर दोऱ्याचं जाळं तयार होतं. मग त्या जाळ्यात सुई अडकवत, कापडातून काढत, गोल फिरत यायचं. जाळं कडेला खेचलं जातं, मधला आरसा उघडा राहतो आणि काच पक्की धरली जाते.

गोंड्याला काहीच लागत नाही. लोकरीचा किंवा सुताचा दोरा चार बोटांभोवती चाळीस-पन्नास वेळा गुंडाळायचा, बोटांतून काढून मधोमध घट्ट बांधायचा, दोन्हीकडचे फास कापायचे आणि कात्रीनं गोल करायचा. घरातली पोरं हे काम आनंदानं करतात, कारण चुकायला वाव नाही. झुलीच्या खालच्या कडेला असे गोंडे ओळीनं लागले की बैल चालताना ते एका लयीत हलतात. रीलमध्ये जे सुंदर दिसतं ते बऱ्याचदा हेच असतं.

शेवटी बंद: एक गळ्याखालून, एक पोटाखालून, सैल. पोटाखालचा बंद आवळला की बैल अस्वस्थ होतो, आणि गर्दीत, हलगीच्या आवाजात अस्वस्थ बैल कुणालाच नको असतो.

असं एक कापड आठवड्यात होत नाही. पण झालं की ते दर पोळ्याला पेटीतून निघतं, कडुनिंबाच्या पाल्याच्या वासासकट. फाटलं तर ठिगळ लागतं. काही वर्षांनी मूळ कापड किती आणि ठिगळं किती हे सांगता येत नाही.

मग रेडीमेडनं काय बिघडलं?

खरं सांगायचं तर फार काही नाही. बाजारातली झूल तयार मिळते, झगमगते, आणि ज्या बाईला सकाळी दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचंय तिनं दुपारी आरसे टाकत बसावं अशी अपेक्षा करणारे आपण कोण? हाताचं ते सगळं थोर आणि मशीनचं ते वाईट, हे शहरातल्या प्रदर्शनात बोलायला ठीक आहे.

दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. पहिली, तयार झुली बहुतेक पॉलिएस्टरच्या असतात. त्यातून हवा जात नाही, घाम शोषला जात नाही. पोळ्याचा दिवस म्हणजे ऊन असेल तर दमट ऊन. साजासकट तास-दोन तास वेशीत उभ्या असलेल्या जनावराला ते जाणवतं. मिरवणूक संपली की झूल लगेच उतरवा.

दुसरी गोष्ट जरा विचित्र आहे. बीड हा कापसाचा जिल्हा. पोळ्याच्या दिवशी ज्या रानाच्या कडेनं बैल गावात येतात त्या रानात कापूस उभा असतो, तो बैलानंच कोळपलेला असतो, आणि बैलाच्या पाठीवर असतं पॉलिएस्टर. कापूस पिकवणाऱ्याच्या हातात कापड कधीच राहत नाही, बोंडं फुटली की ती गाडीत भरून बाहेर जातात. घरात शिवलेली सुती झूल ही या साखळीत परत घराकडे आलेली थोडीशी वस्तू होती, तीही जुन्या लुगड्याच्या रूपानं. आता लुगडीही नाहीत. नव्या पिढीच्या साड्या सिंथेटिक, त्यांची गोधडी घसरते आणि झूलही घसरते. हात शिवायला तयार असला तरी शिवायचं कापड घरात नाही, ही अडचण कुणाच्या फारशी लक्षात येत नाही.

रंगाबद्दलही एक सांगायला हवं. शिंगांना पूर्वी हिंगूळ लावायचे. हिंगूळ म्हणजे मूळचं पाऱ्याचं खनिज, त्यामुळे 'जुनं ते सगळं नैसर्गिक आणि सुरक्षित' हे इथे चालत नाही. आता ऑइलपेंट असतो. बैल अंग चाटतो, शेजारच्या बैलालाही चाटतो. गेरू आणि हळद अंगावरच्या ठिपक्यांना पुरेशी आहे.

खरा प्रश्न: झूल घालायची कुणाला?

२०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६.८ कोटी होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे ४.७ कोटींवर आले. सात वर्षांत तीस टक्के घट. त्याच काळात गाईंची संख्या मात्र १८ टक्के वाढली. कारण साधं आहे: गाय दूध देते, बैलाचं काम ट्रॅक्टर करतो. बैल वर्षभर खातो आणि वर्षातून मोजके दिवस औताला लागतो. तीन-चार एकरवाल्याला हे गणित जमत नाही, तो तासावर ट्रॅक्टर सांगतो. चाराटंचाई आली की पहिली विकली जाते ती बैलजोडी. त्यात २०२२ आणि २०२३ मध्ये लम्पी आला, अनेक जिल्ह्यांत पोळ्याला जनावरं एकत्र आणायला बंदी होती आणि घरच्या घरी पूजा झाली.

म्हणून आता पोळ्याला ट्रॅक्टर धुऊन, हार घालून वेशीत आणलेला दिसतो. लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, जो राबतो त्याची पूजा हा सणाचा मूळ नियम तो पाळतोच. ज्यांच्याकडे काहीच नाही ते कुंभाराकडून मातीची जोडी आणतात. त्या बोटभर बैलांनाही काही घरांत चिंधीची झूल घालतात, आणि लहान मुलीचं पहिलं शिवणकाम बऱ्याचदा तेच असतं.

बैलांना मागणी वाढवणारी एक गोष्ट घडली ती शर्यतीची. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या निकालात कायदा कायम ठेवला. त्यानंतर खिल्लारांना पुन्हा भाव आला. पण शर्यतीचा बैल आणि औताचा बैल हे दोन वेगळे संसार आहेत. तुमच्या रीलमध्ये बहुतेक पहिला असतो.

कड्याकडे बैल अजून का दिसतो?

उसामुळे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या पट्ट्यातून दरवर्षी लाखोंच्या संख्येनं माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. काही ट्रॅक्टर-ट्रकवर उसाच्या मोळ्या डोक्यावरून भरतात, त्याला डोकी सेंटर म्हणतात. काही बैलगाडीनं ऊस कारखान्यावर पोचवतात, ते गाडीवान किंवा टायरवाले. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि हंगामभर तोडलेल्या उसातून ती फेडायची.

बैलजोडी लाखाच्या पुढे गेलीय. टायरगाडीवाल्याची उचल बरीचशी जोडी घेण्यातच जाते. म्हणजे पोळ्याला ज्या बैलाच्या पायावर पाणी घालून ओवाळलं, तो बऱ्याचदा फिटायच्या कर्जाचा बैल असतो. पोळा ते हंगाम यांत जेमतेम दोन-अडीच महिने. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत भरायचं: भांडी, सरपण, पोरं, कोंबड्या. रस्त्यात किंवा फडात बैल दगावला तर कर्ज मात्र जिवंत राहतं. हंगाम संपेपर्यंत मग दुसरी जोडी आणा, नाहीतर डोक्यावर मोळ्या वाहा. पोळ्याच्या दिवशी इथल्या बाया बैलाला ओवाळताना त्याच्या तब्येतीचं मागणं मागतात, ते रीतीपुरतं नसतं.

आता हार्वेस्टर यंत्रंही फडात उतरलीत. ती वाढली तर या भागात बैल ठेवण्याचं उरलेलं कारणही कमी होईल. तेव्हा लोकांच्या हाताला काय काम राहणार, हा प्रश्न झुलीपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

साजातलं काय काय उसाला जातं, हे बघण्यासारखं आहे. बाशिंग दोन दिवसांत विस्कटतं. शिंगांचा रंग हंगामभर टिकतो, म्हणून डिसेंबरात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यावर उसाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाच्या शिंगांवर पोळ्याचा उडालेला गुलाबी रंग दिसतो. नवा कासरा, नवी वेसण जाते, ती तर कामाचीच. घुंगरमाळ मुद्दाम नेतात. पहाटे अंधारात गाड्यांची रांग कारखान्याकडे निघते, मागून ट्रक येतात, आणि गाडीच्या मागचा लाल कपडा किंवा रेडियमची पट्टी दिसेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. घुंगरांचा आवाज थोडा आधी पोचतो.

झूल मात्र घरीच राहते, गावात मागे उरलेल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर, पत्र्याच्या पेटीत. अगदी जीर्ण झाली तरी तिला फेकत नाहीत. आरसे उसवून नव्या कापडाला लावतात, आणि उरलेलं जाड कापड थंडीत वासराच्या पाठीवर टाकायला होतं.